पाकीट फोडायचं नव्हतं

हॅलो? … हॅलो, ताई? हो, हो, येतोय आवाज. ओरडू नकोस, स्वच्छ ऐकू येतंय… नाही गं, झोपलेली कसली? इथे अकरा वाजलेत. तुझ्याकडे साडेसात ना? पाणी भरून झालं का? … बरं. बोल. पण भरभर बोल. चंद्रहास नुपूरला घेऊन लायब्ररीत गेलाय, शनिवार ना. तासाभरात येतील दोघं.

मिळालं. परवाच मिळालं कुरिअर… मिळालं म्हणून काय नाचू? ताई, खरं सांग, ते पाकीट फोडलं कुणी? … तू? मग कसं होईल? मेलमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं मी. कॉलेजवाले पाकीट चिकटवून देतील, जोडावर शिक्का मारतील, ते तस्संच पाठव. तस्संच म्हणजे तस्संच!

आणि वर निकालाला लॅमिनेशन! … चांगलं राहतं? हो, चांगलंच राहणार आहे. शंभर वर्षं राहील. कोपऱ्यात कुंकवाचं बोट, त्याच्यावरून प्लास्टिक, कुंकूही शंभर वर्षं राहील… मी हसत नाहीये. कालपासून मला धड जेवण गेलेलं नाही.

गेले होते ना काल. इथल्या कॉलेजच्या ऑफिसात मोरिता-सान म्हणून बाई आहे. तिने तो कागद दोन्ही हातांत धरला, ट्रे धरावा तसा. प्लास्टिकवरून नखाने शिक्का चाचपून बघितला बिचारीने. मग कुंकवाकडे बघून विचारते, "सुपुराबा-सान," माझ्या नावाचं इथे हे असं होतं, "हे तुमच्या विद्यापीठाचं सील आहे का?" … काय सांगणार? म्हटलं, नाही, हे आमच्या घरचं सील आहे.

मग म्हणाली, जरा कठीण आहे… अगं, इथे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. दातांतून श्वास ओढायचा आणि "जरा कठीण आहे" म्हणायचं. तेवढं म्हणाले की समजायचं, संपलं.

नाही, ऐक ना. अगदीच नाही संपलं. तिच्या साहेबांना विचारून आली. दोन आठवड्यांत नवीन सीलबंद निकाल आला तर चालेल म्हणाली. पण अर्ज मात्र सोमवारी पाचच्या आत. सगळ्या सह्यांसकट… हो, परवाचा सोमवार! म्हणून तर सकाळपासून घरभर फेऱ्या मारतेय. फेऱ्यासुद्धा चवड्यांवर. खालच्या आजी पावलं मोजतात. मागे एकदा दारात चिठ्ठी लावून गेल्या, किती नम्र चिठ्ठी, वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काय? … परत सांगू? अगं दोन वर्षांची असते ती. असोसिएट डिग्री. लिबरल आर्ट्‌स… नाही गं, चित्रकला नाही! सगळ्यातलं थोडं थोडं. मानसशास्त्र आहे, इतिहास आहे, निबंध लिहायला शिकवतात, स्टॅटिस्टिक्स आहे, त्याची आत्तापासून धास्ती आहे. कॉलेज अमेरिकेचं, शाखा टोकियोत. आपल्या एफ. वाय., एस. वाय.चं काही धरतात, सगळं नाही. दोन वर्षांनी ती डिग्री हातात पडते. ती घेऊन मग युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. इथे जा, अमेरिकेत जा, कुठेही जा.

एकदम चार वर्षांचं का नाही? … तेच तर सांगतेय. याचं बँकेचं प्रोजेक्ट दोन वर्षांचं आहे. पुढे वाढवतील, नाही वाढवतील, सिंगापूरला धाडतील, देव जाणे. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरचे लोक पंधरा दिवसांत गेले, फ्रीजसुद्धा शेजाऱ्यांना देऊन. चार वर्षांचं काही धरलं की मधेच बिस्तरा गुंडाळायचा. मला आता अर्धवट काही नको, ताई. एकदा राहिलं तेवढं पुरे.

हं… हं… सह्या म्हणजे माझी आणि चंद्रहासची. माझा व्हिसा त्याच्या व्हिसावर आहे ना, मग मी शिकणार तर त्याने लिहून द्यायचं की माझी जबाबदारी त्याची. अगं, देईल ना सही. आनंदाने देईल! पण ती जागा कुठे आहे माहितीये? त्याच पानावर खाली. आणि वर आहे अर्जदाराचं शिक्षण. तिथे मी माझ्या हाताने लिहिलंय, कॉलेज दोन वर्षं, पदवी नाही.

… हॅलो? ताई? आहेस ना?

हो, लिहिलं. मग काय लिहू? निकाल तूच पाठवलायस, प्लास्टिकमधून वाचता येतो तो!

नाही. अजून नाही माहीत त्याला… कसं असणार? बायोडाटात काय होतं? बी. ए., मानसशास्त्र. निळ्या शाईत, अण्णांच्या वळणदार अक्षरात… हो गं, मला माहितीये कशासाठी लिहिलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, त्यांना ग्रॅज्युएट मुलगी हवी होती, आणि अण्णांना वाटलं, एकच तर वर्ष राहिलंय, करेल सासरी जाऊन. माझी परीक्षा एप्रिलमध्ये संपली आणि मे महिन्यात मी बोहल्यावर. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा मी चेन्नईत याच्या गेस्ट हाऊसमध्ये सांबार करायला शिकत होते. तू फोनवर म्हणालीस, पास झालीस. संपला विषय. नऊ वर्षं झाली, ताई.

काय म्हणालीस? … झाकली मूठ सव्वा लाखाची? अगं, झाकून झाकून बोटं आखडली माझी! तुला काय जातंय म्हणायला. तो दिवाळीच्या कार्यक्रमात लोकांना सांगतो, आमची मिसेस सायकॉलॉजीची आहे हं, जपून बोला. लोक हसतात, मीही हसते. आणि आता रोज जेवताना विचारतो, तुझं बी. ए. झालंय तर परत खालून कशाला सुरुवात करतेस, सरळ एम. ए. कर. एम. ए.ची माहितीपत्रकं आणून ठेवलीत, खुणा करून. कांजीत, त्या जपानी चित्रलिपीत. त्याला वाटतं, मी स्वतःला कमी समजते. मला धीर देतो गं तो! तो रागावला असता ना, तर सोपं होतं.

नाही, दुसऱ्या कागदावर सही घेऊन चिकटवणार नाही. ताई, काहीही काय! एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं…

हो, भीती वाटते. तो काही ओरडणार नाही. पण कागद खाली ठेवेल. मग म्हणेल, नऊ वर्षांत आणखी काय काय सांगितलं नाहीस? त्याला काय उत्तर देऊ? दुसरं काही नाही म्हटलं तर आता विश्वास ठेवेल का तो? … आणि नाही सांगितलं तर सोमवारी पाच वाजता हेही गेलं. पुढचा प्रवेश सहा महिन्यांनी. तोवर आम्ही कुठे असू? तेव्हाही सही लागणारच.

अण्णांचं काय? … जावयासमोर मान खाली जाईल. बरं. आणि माझी? नऊ वर्षं कुणी डिग्रीचं नाव काढलं की मी चहा टाकायला उठते, ती मान कुणाची? … नाही, तू रडू नकोस. मी तुझ्यावर नाही चिडलेय. तू कॉलेजात दोन चकरा मारल्यास, मला कळतं. पण मला एवढंच सांग, बंद पाकीट फोडायची बुद्धी झाली कशी तुला?

… काय?

परत सांग.

अण्णांनी? … अण्णांनी फोडलं? मग मघापासून अंगावर का घेतेयस? … तू घरात नव्हतीस. हं… आणि लॅमिनेशनला स्वतः गेले? चौकापर्यंत? एकटे? अगं त्यांचा गुडघा… रिक्षाने गेले. आणि देवासमोर ठेवला. आणि मग? … तीन दिवस देत नव्हते तुला? बघायचे काढून काढून?

मला का नाही सांगितलंस हे आधी…

नको. नको, आत्ता नको. मला सुचणार नाही बोलायला. ताई, मी म्हणतेय ना नको, फोन देऊ नको त्यांना…

… अण्णा. हो. मीच… बरी आहे. तुम्ही बरे आहात ना? … मशीन लावलंय का कानात? मशीन! … थांबा, अण्णा, एक मिनिट. मी आत जाते. बाथरूममध्ये जाते… अहो, वर आता कल्पना राहायला आलीय, कोथरूडची, इथल्या भिंती म्हणजे पापड… हं, बोला आता. लावलं दार.

मिळाला. हो, मिळाला निकाल… बघितला… बहात्तर. हो, मानसशास्त्रात बहात्तर. मीही परवा पहिल्यांदाच बघितले… कोण आणायला जाणार होतं, अण्णा? मी चेन्नईत होते. आणि तुमच्या हिशेबी माझं बी. ए. झालेलंच होतं.

… तसं नाही. बरं, तसंच म्हणायचं होतं मला.

नाही, ऐकते. बोला… हं… हो, लॅमिनेशनवाल्याला सांगितलंत. काय म्हणाला तो? … अण्णा, त्याला कशाला सांगायचं, मुलगी जपानमध्ये शिकायला निघालीय म्हणून… छान म्हणाला? बरं… नाही, चूक झाली हे खरं. पण तुम्हाला कसं माहीत असणार? आपल्याकडे लॅमिनेट केल्याशिवाय कागदाला किंमत येत नाही… होईल ना, नवीन मिळेल. सोमवारी सकाळी कॉलेजात अर्ज टाकायचा. ताईला जाऊ दे, तुम्ही जिने चढू नका. आणि या वेळी पाकीट फोडायचं नाही. तुम्हाला हवा असेल तर एक जास्तीचा मागून घ्या, तो भिंतीवर लावा.

… काय म्हणालात? … नाही, ऐकू आलं. पण परत म्हणा.

हो. होता राग. आहे. अजून आहे, अण्णा. तुम्ही वाईट हेतूने नाही केलंत, ते मला तेव्हाही कळत होतं. पण तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि ती मला रोज जगावी लागली. फॉर्म आला की शिक्षणाचा रकाना चुकवायचा. कुणी विचारलं, कुठलं कॉलेज, कुठली बॅच, की विषय बदलायचा. आणि ते तिसरं वर्ष करायची सोयच राहिली नाही मला! जे झालंय असं सगळ्यांना सांगितलं, ते परत करायला कुठल्या तोंडाने निघणार?

… नाही. तुम्ही रडू नका. अण्णा… अण्णा, ताईला द्या फोन. तुम्ही पाणी प्या.

बरं, मग बोला. हं… हं… तुम्ही? तुम्ही बोलणार चंद्रहासशी? … काय सांगणार? सगळी चूक माझी, तिला काही बोलू नका… आणि तो ऐकेल. तुमचा मान ठेवेल, जी जी म्हणेल, आणि फोन ठेवून माझ्याकडे बघेल. नको, अण्णा. नऊ वर्षांपूर्वी माझ्या वतीने तुम्ही बोललात. आज मला बोलू दे… नाही, टोमणा नाही. खरंच नाही. मला स्वतःच्या तोंडाने सांगायचंय. बाकी काय होईल ते होईल.

… आहे धीर. म्हणजे, नाहीये. पण सोमवार आहे.

श्… आले वाटतं. दार वाजलं… हो, नुपूरच ओरडतेय, तादाइमा म्हणून. म्हणजे, आले मी… लवकर आले, लायब्ररीत गर्दी असेल… नाही, ठेवू नका. थांबा जरा. मी बाहेर येते, थांबा. असू दे कानाला फोन.

नुपूर, हात धू आधी… जपानी नको, मराठीत सांग… बरं, नंतर दाखव मला पुस्तक. आत जा. आत जाऊन वाच… चंद्रहास, बस ना जरा. नाही, पिशवी राहू दे. बस… अण्णांचा आहे फोन… ठीक आहेत. सगळे ठीक आहेत. तुझी सही हवीय मला… हो, कॉलेजचाच अर्ज… पेन काय, आहे इथे, पण खाली लगेच सही करू नकोस. आधी वरचं वाच… सगळं वाच. माझं शिक्षण लिहिलंय तिथपासून.

… अण्णा.

हो, इथेच आहे. तो वाचतोय… ठेवते मी.