वेशीवरचा राक्षस

...परत मुंडकं उडालं माझं! तुमाला सांगतो, माणसानं कामावरून घरी यावं, चहा प्यावा, आणि रोज मरायला बसावं? कोणी सांगितलंय? रुतिकानं सांगितलंय! रुतिका म्हणजे जुईनगरची, माझी होणारी बायको... म्हणजे झाली तर. मी बोनकोड्याचा निकेश, चाळी भाड्यानं देणाऱ्या घरातला सरळ पोरगा, आयुष्यात कॅरमच्या पुढं गेलो नाय, आणि ही म्हणते, माझा आवडता व्हिडिओ गेम खेळ, पयला भाग संपव, मग हळदीची तारीख काढू. सात भाग आहेत हो त्याचे! मित्रांना विचारलं तर म्हणतात, ‘सुरुवातीचे वीस तास सहन कर भावा, मग मजा येते.’ वीस तास? आमची अख्खी हळद, बोकड, डीजे, मारामारी धरून एका रात्रीत उरकते! कितीतरी दिवस मी गेमचा डबा उघडलाच नाय. आणि हा पयला भाग, बरं का.

शेवटी केली हिंमत, लावला. समोर गावाची वेस, वेशीवर कुऱ्हाड घेतलेला राक्षस, बाजूला एक दगडाची मूर्ती. आमची आई, विमलबाई, मागं मांदेली साफ करत बसलेली. तिनं मूर्ती बघितली आणि झालं. ‘आरं, गावदेवी हाय ती. पाया परल्याबिगर आत जातंस?’ आता तुमीच सांगा, गावदेवीला तसाच ओलांडून जाणारा माणूस बोनकोड्यात जन्मलाय का? गेममध्ये वाकायचं बटन आहे. मी दाबलं. वाकलो. खच्च! मुंडकं गडगडत गटारात. परत चालू केला, परत वेस, परत पाया, खच्च! कधी मधोमध चिरला, कधी पायाखाली चेचला, कधी भिंतीवर असा आपटला की आई म्हणाली खिडकी लाव, शेजारची पोरं बघतात. पण पाया पडणं सोडू देईल तर शपथ! म्हणे, मघाशी घाईत पडलास, आता नीट पड. नीट पडलो. नीट मेलो. आणि हा पयला भाग, बरं का.

तेवढ्यात रुतिका आली. मागं उभी राहून तिनं माझी दोन-चार मरणं बघितली. मला रडूच यायचं बाकी होतं, म्हटलं गेली हळद, गेली बायको. ती म्हणाली, ‘तू लढत का नाहीस?’ मी म्हटलं, ‘आधी देवी, मग लढाई. पण देवीच्या पुढं हा जाऊच देत नाय.’ हसून हसून खालीच बसली हो! डोळे पुसत म्हणाली, ‘राहू दे. सातही भाग खेळलेत मी, असा येडा कुठं भेटला नाय. रविवारी बाबांना भेटायला ये.’ काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं सुटलो, गेम संपला!

रविवारी गेलो जुईनगरला. दार उघडलं. दारात तिचे बाबा, कमळाकरराव, माझ्या दीडपट माणूस, बनियनवर रक्ताचे शिंतोडे, हातात कोयता! जावयासाठी बोकड स्वतः तोडत होते म्हणे. दाराच्या बाजूला भिंतीवर गावदेवीचा फोटो... आणि तुमाला सांगतो, सवय झालेली ना, मी वाकलो. मान पुढं, डोळे बंद, आता खच्च होईल म्हणून थांबलोय.

डोक्यावर हात पडला. ओला, चिकट. ‘तसाच वाकून ऱ्हा,’ कमळाकरराव म्हणाले, ‘मागं माजे चार भाव हायेत, त्यांच्या पन पाया परायचं हाय.’

एक डोळा उघडला. चार जोड्या पाय, चार कोयते.

आणि हा पयला भाग, बरं का.