उपासाचं डोकं

तृप्ती : पण काकू, मी सरांना सांगून बसले ना! म्हटलं, आमच्या कुंभार पिंपळगावच्या गोपिकाकाकूला अर्धशिशी आहे, पण उपासाच्या दिवशी तिचं डोकं दुखतच नाही. डोकेदुखीच्या वहीत तीन महिन्यांतल्या नऊच्या नऊ उपासांना, एकादशी असो की चतुर्थी, शून्य. सर खुर्चीतून उठलेच.

गोपिकाबाई : बसव की त्यांला परत. दुखतं बाई. त्या दिवशी तर लई दुखतं. उलट्या बी व्हतेत.

तृप्ती : मग शून्य कशाला लिहिलंस?

गोपिकाबाई : उपासाचं दुखणं उपासातच आलं. ते का येगळं लिवायचं? देवासाठी उपाशी ऱ्हायचं अन् वहीत कुरकुर करायची, बरं दिसतं का?

तृप्ती : अगं, मला तीच कुरकुर पाहिजे! पोट रिकामं राहिलं की कुणाकुणाला अर्धशिशी उठते, ती का उठते, आमची अख्खी प्रयोगशाळा त्याच्यामागं लागलीय. अन् तुझ्या वहीवरून निघालं काय, तर उपास करा आणि डोकं थांबवा!

गोपिकाबाई : हसू नको. मंग काय मेंदूच दुखून राह्यला का माझा?

तृप्ती : मेंदू स्वतः दुखत नाही. त्याच्यावर पातळ पडदा असतो, त्यातल्या रक्तवाहिन्यांपाशी बारीक नसा असतात. त्या भडकल्या की एक पदार्थ सोडतात. मग रक्तवाहिन्या फुगतात आणि ठणका सुरू होतो. दुखणं उठलं असताना रक्त काढलं, तर पुष्कळ जणांच्या रक्तात तो पदार्थ वाढलेला सापडलाय.

गोपिकाबाई : सापडलाय म्हंजी? दिसतो का?

तृप्ती : मोजता येतो.

गोपिकाबाई : म्हंजी सोंग न्हाई ते.

तृप्ती : सोंग कोण म्हणालं?

गोपिकाबाई : कोण म्हणलं न्हाई ते इचार. कापूस वेचायचा दिवस आला की सासू म्हणायची, चढलं का डोकं? मी फडकं आवळून जायाची. तू वही दिली तवा मला लई आनंद झाल्ता. वाटलं, कुणीतरी इचारलं. पर पानोपानी दुखलं दुखलंच लिवलं, तर तुझे सर बी तेच म्हणतेल, अशी भीती वाटली.

तृप्ती : नाही म्हणणार. बिलकुल नाही. आणि काका काय म्हणायचे?

गोपिकाबाई : ते? तीस वर्षांत एक शबूद न्हाई. त्यांला बी सोंगच वाटत असंल.

(रायभान बाजाराची पिशवी घेऊन येतात.)

रायभान : काय वाटत असंल मला?

तृप्ती : काका, बरं झालं आलात. मागच्या तीन महिन्यांत उपासाच्या दिवशी काकूचं डोकं किती वेळा दुखलं?

रायभान : आठ बार. मधल्या एका चतुर्थीला ही मंठ्याला लेकीकडं, शालूकडं गेल्ती, तिथलं मला ठावं न्हाई.

गोपिकाबाई : तिथं बी दुखलं.

रायभान : मंग नऊ.

तृप्ती : नऊ! पण काका, हे मला धरता येणार नाही. त्याच दिवशी लिहिलेलंच चालतं. काकू, वही पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने. उपासासकट.

गोपिकाबाई : लिवते. आता समदं लिवते. उलटी बी लिवते.

तृप्ती : काका, पण तुम्हाला कळतं कसं? ती तर कुणाला सांगत नाही.

रायभान : सांगायला कशाला पाह्यजे? सकाळी चहाचं भगुणं उतरवताना ही एक डोळा मिटती. तसं दिसलं की मी जल्दी गोठ्यात जातो अन् गाईच्या गळ्यातली घंटी काढून ठिवतो. हिला आवाज सोसत न्हाई. ही उठून बसली की परत बांधतो.

तृप्ती : हे कधीपासून?

रायभान : लग्नाच्या दुसऱ्या सालापासून. तवा तांबडी गाय व्हती. मंग तिची कालवड, मंग ही.

तृप्ती : काकू? हे ठाऊक होतं तुला?

गोपिकाबाई : न्हाई बाई. डोकं दुखलं की घंटी वाजत न्हाई, म्हणून तीस वर्षं मी गाईंलाच गुणाच्या म्हणत आले.