दोघांचं मिळून

ती : उतरू नका भावजी. अजून एकदा बघू दे.

बारक्या : काटा बिघडला असेल वहिनी.

ती : काटा बरोबर आहे. रोज सकाळी मी बाळाला कडेवर घेऊन याच्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते आणि वजाबाकी करते. शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी मला कळतं. चौऱ्याहत्तर.

बारक्या : बुटांचं असेल.

ती : बूट दाराबाहेर काढलेत तुम्ही.

बारक्या : मग खिशात किल्ल्या आहेत.

ती : आठ किलोच्या? दोन महिन्यांपूर्वी मुकादमाने तुम्हाला आणि माझ्या नवऱ्याला वजनावरून ताकीद दिली, त्याच संध्याकाळी इथेच उभे राहिला होतात. सहासष्ट भरलात. मीच लिहून ठेवलंय, तिथे, फ्रिजवर. त्याचे एकशे आठ, तुमचे सहासष्ट.

बारक्या : एकशे चौऱ्याहत्तर. पाठ आहे मला.

ती : आणि नव्या झुल्याला चालतात किती?

बारक्या : दोघांचं मिळून एकशे सत्तर. वर एक किलो झालं की बोंबलतो आणि जागचा हलत नाही. जुना बरा होता. कुरकुरायचा, पण न्यायचा.

ती : म्हणजे त्यात उभं राहून इमारतीच्या काचा धुवायला वर जायचं तर चारच किलो कमी करायचे होते. त्याने सात केले. दोन महिने घरात साखर नाही, पाव नाही, तळण नाही. त्याच्यापायी मीही नुसत्या काकड्या चघळल्या. आता सांगा, त्याचे एकशे एक आणि तुमचे हे चौऱ्याहत्तर, किती झाले?

बारक्या : थांबा हं. हातचा एक...

ती : हातचा नाही येत भावजी. एकशे पंच्याहत्तर. होते त्याहून एक जास्त.

बारक्या : अरे देवा.

ती : उद्या सकाळी वजन आहे. आज रविवारी दुपारी कळतंय हे.

बारक्या : आम्ही कधी बेरीजच केली नाही वहिनी. तो आपला रोज सांगायचा, आज अर्धा उतरला, आज पाव उतरला. मी म्हणायचो, शाब्बास.

ती : शाब्बास म्हणता म्हणता खात काय होतात?

बारक्या : कोण, मी?

ती : नाही, काटा.

बारक्या : थोडं इकडचं तिकडचं. वयानेही सुटतो माणूस. तो आला का बघा ना, किती वेळ अंघोळ करतोय.

ती : नळ चालू आहे अजून. भावजी, इकडे बघा. मी पहाटे पाचला उठते. बाळ जागं व्हायच्या आत चार अंडी उकडते, कडधान्य शिजवते, भाज्या वाफवते, सगळं तोलून डब्यात भरते. डबा संध्याकाळी चाटूनपुसून रिकामा परत येतो. तो म्हणतो, पोटभर जेवलो. मग तो इतका उतरतो कसा, हे कोडं मला गेला महिनाभर सुटत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका आता.

बारक्या : वाटाण्यात लिंबू छान असतं तुमच्या.

ती : किती दिवस?

बारक्या : सहा आठवडे. पहिल्यांदा म्हणाला, आज भूक नाही, तू खा. दुसऱ्या दिवशीही तेच. अन्न काय अकराव्या मजल्यावरून फेकायचं? आणि खरं सांगू का, रागावू नका. मी एकटा माणूस. कोणीतरी निगुतीने भरलेला डबा उघडायची सवय नव्हती हो. माझाही डबा खायचो आणि हाही.

ती : आणि तो काय खायचा?

बारक्या : पाणी प्यायचा.

ती : दिवसभर?

तो : टॉवेल कुठे टाकलास गं? अरे, बारक्या आलास? झालं वजन? मी आता उपाशीपोटी उभा राहतो, बघ, आज शंभराच्या खाली दाखवतो की नाही.

ती : उभा नको राहूस. बस.

तो : काय झालं? बाळ?

ती : बाळ झोपलंय. तुझे सात किलो सापडले. ते बघ, समोर उभे आहेत.

तो : बारक्या.

बारक्या : मी नाही बोललो. काटा बोलला.

तो : किती?

बारक्या : चौऱ्याहत्तर.

तो : तुला खा म्हटलं होतं, बकासुर हो म्हटलं नव्हतं.

बारक्या : रोज समोर धरायचास आणि मग मीच वाईट.

तो : बरं, ऐका. अजून सगळं हातात आहे. उद्या सकाळपर्यंत दोघांनी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. जाड कपडे नाहीत. बादल्या अर्ध्याच भरायच्या. दोन-तीन किलो असेच जातात.

ती : आणि उरलेले?

तो : बादलीचा हिशेब वेगळा असतो, त्यात ढकलू.

ती : बारा मजले वर जायचंय तुम्हाला. मुकादमाला फसवाल, झुल्याला काय सांगाल?

तो : तू घाबरवू नकोस. इतकी वर्षं करतोय.

ती : इतकी वर्षं जेवून करत होतास. डबा का दिलास याला?

तो : कारण डबा खाऊन उतरत नव्हतं. पहिले दोन आठवडे खाल्ला ना तुझा डबा, इमानदारीत. आठशे ग्रॅम. त्या चालीने दोन महिन्यांत जेमतेम तीनच किलो उतरले असते.

ती : त्या दोन आठवड्यांत रोज संध्याकाळी तीन बाटल्याही होत्या. तीन बाटल्या म्हणजे किती पाव, हा तक्ता तुझ्याच मोबाइलमध्ये आहे. तूच दाखवलास मला.

तो : बिअरचं आधीच ठरलं होतं आपलं.

ती : ठरलं होतं.

तो : फ्रिजवर लिहिलंस तू. साखर बंद, पाव बंद, तळलेलं बंद, बिअर चालू. तुझं अक्षर आहे.

ती : माझंच आहे. वाटलं, एक गोष्ट सोडली तर बाकीची नीट पाळेल. तू बाकीची पाळलीस आणि जेवण सोडलंस. असा उफराटा पथ्यवाला मी दुसरा पाहिला नाही.

तो : सगळ्यांचं एकच गणित असतं. दिवसाला इतकं पोटात जायला पाहिजे, याच्यावर नाही. मी ते इतकं कशात घालवायचं ते माझं मी ठरवलं.

ती : बिअरमध्ये.

तो : हो.

बारक्या : मी निघू का?

ती : नाही.

तो : जा तू.

ती : भावजी, बसा. मला अजून एक विचारायचंय. गुरुवारी याचं कोपर सोलवटलेलं होतं. मला सांगितलं, गोदामाचं दार लागलं.

तो : लागलंच दार.

ती : तुला नाही विचारलं.

बारक्या : वहिनी, मला मध्ये घेऊ नका. रोज एका दोराला लटकतो आम्ही दोघं.

ती : म्हणूनच विचारते. मला घरी बसून काय दिसतं? फोन वाजला की बाळाला आधी खाली ठेवते मी. हातात असताना नको ऐकायला, म्हणून. साइटवरून तुम्ही चुकून जरी केलात ना फोन, तरी आधी बाळाला खाली ठेवते. दार लागलं का?

बारक्या : अकरावा मजला. काच पुसता पुसता खाली बसला. म्हटलं, काय रे, तर बोलेना. पांढरा पडला होता. कोपर कठड्याला घासलं.

तो : दोन मिनिटं. दोनच मिनिटं बसलो.

बारक्या : दोन नाही. मी झुला खाली घेतला, त्यालाच सात-आठ मिनिटं लागली. कमरेला पट्टा होता वहिनी, पट्टा कायम असतो, तो नाही सुटत.

ती : आणि खाली आल्यावर?

बारक्या : साखरेचं पाणी पाजलं. म्हणाला, घरी कळता कामा नये.

ती : तुम्ही शब्द पाळलात.

बारक्या : चुकलं माझं.

ती : आणि शुक्रवारी डबा?

बारक्या : मी म्हटलं, आज तू खा. शपथ घालून म्हटलं. दोन घास खाल्ले त्याने.

ती : बाळ उठलं वाटतं. भावजी, जरा घेता का त्याला? बाहेरच्या खोलीत घेऊन बसा. दार ओढून घ्या.

(बारक्या जातो.)

तो : रड ना, नाहीतर ओरड. अशी बघत बसू नकोस.

ती : ओरडले तर बाळ दचकेल.

तो : आजपासून जेवतो. झालं?

ती : आणि बाटल्या?

तो : परत तेच.

ती : एक दिवस सोडून दाखव. आजचा. मला पैज मारायची नाही, मला फक्त बघायचंय.

तो : आज नको.

ती : आज का नको?

तो : उद्या वर जायचंय.

ती : म्हणजे?

तो : म्हणजे काही नाही. दमतो माणूस. संध्याकाळी थंडगार घोट लागतो. जगात सगळे पितात.

ती : लग्न झालं तेव्हा तू महिन्यातून एकदा प्यायचास. मित्र जमले की. तेव्हाही बाराच मजले होते.

तो : तेव्हा वय कमी होतं.

ती : तीन वर्षांपूर्वी? बाळ पोटात होतं तेव्हासुद्धा फ्रिजमध्ये एक बाटली महिनाभर पडून होती. मी आठवत बसले होते काल. रोजच्या कधी झाल्या? बाळ सहा महिन्यांचं होतं तेव्हा. मला वाटलं, रडण्याने वैतागतो. मी त्याला आतल्या खोलीत घेऊन बसायचे, तुला ऐकू जाऊ नये म्हणून.

तो : त्याच्या रडण्याचं काही नव्हतं.

ती : मग कशाचं होतं?

तो : सोड ना.

ती : मी अंडी मोजली, वाटाणे मोजले, तुझी बोटभर चरबी मोजली. हे एकच विचारलं नाही. आज विचारते. सांग.

तो : तू हसशील.

ती : माझ्याकडे बघ. हसेन असं वाटतं?

तो : सातव्या मजल्यावर होतो. घरंच होती तिथे, ऑफिसं नाही. आत एक बाई पाठमोरी, खांद्यावर मूल. आपल्या बाळाएवढंच. मी काच पुसत होतो आणि त्याला मी दिसलो. ते हसलं. हात पुढे केला, जणू मी घेणारच त्याला. मीही एक हात पुढे केला, येड्यासारखा, काच आहे हे विसरून. आणि त्याच क्षणी मला कळलं की मी कशावरच उभा नाहीये. इतक्या वर्षांत कधी खाली बघून काही वाटलं नाही. खाली बघून नाहीच वाटलं काही. आत बघून वाटलं. बारक्या ओरडला, पुढे सरक रे, एकच काच किती पुसशील. सरकलो. पण पाय सरकले नाहीत. त्या दिवसापासून नाहीत.

ती : मला का नाही सांगितलंस?

तो : तू आधीच रात्रीतून चारदा उठून त्याचा श्वास बघतेस. तुला अजून हे सांगू? खाली उतरतो, घरी येतो, तरी जमीन हलते. पलंग हलतो. दोन बाटल्यांनी थांबतो, कधी तिसरी लागते. ती नाही घेतली तर झोप नाही, आणि झोप नाही तर दुसऱ्या दिवशी वर उभं राहवत नाही. डबा सोडता आला, ते सोपं होतं. हे नाही सुटत.

ती : मग वर का जातोस?

तो : मग कुठे जाऊ? खाली दोर बघायला आणि रस्त्यावर फळी आडवी लावायला? ते काम गुडघे गेलेल्यांना देतात. बारक्याला काय सांगू? दुसरा कोण जोडीदार मिळेल त्याला, कोण जाणे. तो दोर कसाही बांधणारा निघाला तर?

ती : बारक्याला तुझ्याहून आधी कळलंय.

तो : काय कळलंय?

ती : तो शुक्रवारी तुला शपथा घालून खायला घालत होता, ते काय वाटाण्यासाठी? दुसऱ्यावर नजर ठेवणाऱ्याचा आवाज मला ओळखू येतो. दिवसभर तेच करते मी.

तो : म्हणजे उद्या मी मुकादमासमोर उभा राहून सांगू, मला भीती वाटते? मी?

ती : उद्या नको. उद्या काट्यावर उभा राहिलास की तो आकडा बघेल, आणि तू पुन्हा आकड्याबद्दलच बोलशील. तुला तेवढी पळवाट पुरे आहे. मलाही पुरली दोन महिने.

तो : आणि फ्रिजमधल्या तीन?

ती : त्यांना मी हात लावणार नाही. जमीन हलायची थांबली की बघू किती लागतात. नाही थांबली तर डॉक्टरकडे जाऊ, दोघं. मला नाहीतरी जायचंच होतं.

तो : तुला कशाला?

ती : चारदा उठते ना रात्री. तूच म्हणालास आत्ता. हा घे फोन. मुकादमाला लाव.

तो : आत्ता? रविवारी दुपारी? झोपला असेल तो.

ती : उठेल. त्याच्याच माणसाचा फोन आहे म्हटल्यावर उठेल.

तो : काय बोलू?

ती : मला बोललास तेच. सातव्या मजल्यापासून सुरुवात कर.

तो : तू बाहेर जा.

ती : नाही जात.

तो : वाजतोय. ...हॅलो, मुकादम? हो, मीच. नाही, वजनाचं नाही. जरा वेळ आहे का तुम्हाला?