माशाचं बाळंतपण

हुपरीहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर पाण्याची पिशवी, आत एक मासा.

"कृष्णात, काय रे ते जीव मुठीत धरल्यागत धरून बसलायस?"

"हळू बोल अक्का. मादी हाय. अंडी तोंडात घेऊन बसलीया. दचकली तर गिळंल."

"मग ती खाती काय?"

"काय न्हाय. पिल्लं पोहायला लागूस्तवर उपाशी. शाहूपुरीत मित्राची मोठी टाकी हाय, तिथं निवांत ठेवतो."

"म्हंजे माशाला बाळंतपणाला न्यायलायस! आणि बायको बिद्रीला माहेरी बाळंत झाली, तिकडं फिरकलास तरी?"

"हिला सोडून कसा जाणार? नर लई त्रास देत हुता तिला."

"बारशालाबी न्हाय आलास. बाया मलाच इचारत हुत्या, बाप कुठाय म्हणून. माशापाशी बसलाय म्हणून सांगू?"

"फोन केलता की."

"लई उपकार केलास. ह्या मादीला नाव ठेवलंयस?"

"व्हय. मोना."

"आत्या म्हणून मी तुझ्या पोरीच्या कानात नाव सांगितलं. काय सांगितलं, सांग बघू?"

"...थांब अक्का, मोबाईलात असंल."