आउटडोरवरचं घोंगडं

आमी इंदापूर तालुक्यातल्या कळसचे. आमच्या आबांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, जवानीत मेंढरं राखली, आन मी बारामतीत एसी दुरुस्त करतो. पण काय सांगू तुमाला, आबांना माझं काम कधी कामच वाटलं न्हाय. डब्यात डोकं घालून बसतोय, म्हणायचे. मलाबी राग नाकावर, मीबी उलटं बोलायचो, मग अबोला, आन मधी आई याचं त्याला, त्याचं याला सांगत फिरायची.

मेंढरं गेली, शेती आली, आबा थकले, आन मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणले, हृदय नाजूक झालंय, उकाड्यात ठेवू नका. आमच्या घरावर पत्रा, दुपारी आत बसवत न्हाय. मग मीच त्यांच्या खोलीत एसी बसवला. आबा खाटंवर बसून माझं काम पहिल्यांदाच बघत व्हते, म्हणून एकेक पाईप अगदी जपून वळवला. मागच्या भिंतीला आउटडोर लावला, म्हंजे ती पंख्याची पेटी, खोलीतली गरमी बाहेर फेकती ती. तिच्यात बोर्ड असतो, बोर्डावर नखाएवढी चिप. ती सारखी बघत ऱ्हाती, नळी किती तापली, कंप्रेसर किती तापला, आन लईच तापलं की जळायच्या आधी सोताहून बंद करती.

आन ती रोज दुपारी बंदच करायला लागली. सकाळी मी निघताना खोली गारेगार, संध्याकाळी आलो की मशीन चालू, आन मधीच दुपारी आईचा फोन, बंद पडलं रं. मी गॅस बघितला, सेन्सर बदलला, बोर्ड बदलला, बोर्डवाल्याशी भांडलो. साऱ्या बारामतीचं एसी चालू करतो, आन माझ्याच बापाचा चालंना. आईला इचारलं, दुपारी तितं कोण हात लावतंय का गं? म्हणली, कोण लावतंय, मी हाय की त्याच्याकडं बघायला, तू नगं काळजी करू.

मग एका दुपारी शेजारच्या काकूचा फोन आला, आबांना दरदरून घाम फुटलाय, धड बोलंनात, लवकर ये. हातातलं काम तसंच टाकलं आन गाडी काढली. अख्ख्या वाटंनं मला आबांना बोललेलं एकेक आठवत व्हतं. घरी पोचलो तर गावातले डॉक्टर उशाला बसलेले, म्हणले, सुई दिलीय, पण आधी ही खोली गार करा.

मी मागं पळालो आन बघतो तर काय, आउटडोरवर आबांचं काळं घोंगडं! चारी अंगानं पांघरलेलं, टोकं खाली खोचलेली, वर दगड. वारा जायला बोटाएवढी फट न्हाय. मागनं आई आली, म्हणली, आरं, उन्हात तळतंय बिचारं एकटंच, म्हणून जेवणं झाली की घालती, ऊन उतरलं की काढती. मेंढीची कवळी पिल्लं आमी अशीच झाकायचो.

मी वरडणारच व्हतो, पण तिच्याकडं बघितलं आन घोंगडं ओढून काढलं. पण चिप लगेच सुरू करत न्हाय बघा, गार होईस्तोवर थांबती. मी त्या पेटीवर हात ठेवून उभा, आई माझा दंड धरून उभी. मग पंखा फिरला, कंप्रेसरनं घरघर धरली, आन मी तितंच भिंतीला टेकून रडलो, खोटं कशाला सांगू.

दिस कलता आबा हुशार झाले. आईनं सारं सांगून टाकलं. मला वाटलं, आता बिचारीचं काही खरं न्हाय. तर आबा हसायलाच लागले. म्हणले, पिल्लू झाकताना नाक उघडं ठेवायचं, एवढंबी इसरलीस व्हय?

आता आउटडोरच्या वर, चांगलं उंच, मी छप्पर केलंय, चारी बाजू मोकळ्या. आबा बरे हायेत. रोज मी दारात गाडी लावली की आतनं हाक येती, आज कुठलं आजारी व्हतं रं? मी सांगतो, पणदऱ्याचं मशीन, न्हायतर सोमेश्वरनगरचं. इचारत्यात, उभं राहिलं का? व्हय आबा, राहिलं. मग म्हणत्यात, ब्येस झालं, जा, हातपाय धू, जेव. आता देवाकडं माझं दुसरं मागणं न्हाय, ही हाक लई उन्हाळं ऐकू येऊ दे.