प्रांजलीच्या पाठीवरच्या खुणा

नाय नाय, पोरीचं रगत आज नाय मिळायचं. आधी ती फाईल पुन्हा वाचा, ताई. मुंबईच्या दवाखान्यातनं इथं मुकुंदवाडीला आलात, चहा घ्या, पण ते वाचा. ‘रुग्णाने स्वतः खुणा पुसल्या, उपचार आठ दिवस लांबला.’ रुग्ण म्हंजी कोण? माझी नात, प्रांजली. बारा वर्साचं लेकरू. मणक्याला गाठ, तुमच्या त्या प्रोटॉनच्या मशिनीखाली रोज पालथी पडायची, कधी हूं का चूं नाय केलं — आन् तिच्या नावावर हे? आता प्रयोगशाळेत तवाचं न् आताचं रगत ताडून तुम्हाला बघायचंय, त्या आठ दिवसांत गाठीनं काय केलं. व्हय ना? बघा की. पण तवा एक नळी रगत इलाजाला काढलं, दुसरी प्रयोगाला, माझ्या लेकानं सही ठोकली — मला कुणी सांगितलं का, इलाज येगळा न् प्रयोग येगळा? नाय सांगितलं.

आम्ही मेंढरामागं जल्म काढला. कळपात रोग शिरला की नवं औषध आधी एकाच मेंढीला — जी तशी बी जायचीच, तिला. पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा, वळखू यावी म्हणून. जगली तर मग बाकीच्यांला. आन् त्या सांजंला पोरीचा झगा बदलाय गेले तर पाठीवर जांभळ्या शाईच्या फुल्या! काय समजायचं मी? माझी पोर गेरूची मेंढी व्हय? घासल्या — साबण लावून, कातडं लाल होईस्तोवर घासल्या —

हां. मीच. सकाळी डॉक्टर लई बोलले, त्या फुल्यांवरच मशिनीचा नेम धरायचा म्हणं; पुन्हा मापं, पुन्हा फोटो, आठ दिवस इलाज बंद. आन् ही पोर माझ्याकडं बघत म्हणली, “मीच पुसल्या, खाजत होतं.” मी तसंच लिवू दिलं. दोन वर्सं झाली, गपच हाय. दर तपासणीला वाटतं, गाठ उलटली तर ती माझ्या हातानं — मग राग येतो तुमचा. येणारच. माझा मला किती करू?

घ्या पेन. खोडा ते. कस्तुराबाईनं पुसल्या, आजीनं, असं लिवा. लिवलं? वाचून दाखवा.

आता उठा, बाहेर थांबा. शाळेतनं येईलच ती. रगत द्यायचं का ते तिला इचारा, बापाला नाय, मला तर नायच. आन् कशाला पायजे ते आधी सांगा तिला. जा.