नववी सुपारी

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे तुम्ही जाणताच. माझं ते उद्यापनाचं वर्ष. भाजीचे कंदही आपल्याच हातानं खणायचे म्हणून सकाळीच कसबा बावड्याला मैत्रिणीच्या मळ्यात गेले. गोठ्यात एक गुळगुळीत दांडकं खोचलेलं दिसलं. खणायला म्हणून कोयत्यानं त्याला टोक काढलं, ते टणक व्हावं म्हणून निखाऱ्यावर शेकलं. धुराकडे बघता बघता वाटलं, अरुंधतीही आश्रमात अशीच बसत असेल.

त्या दांडक्यानं खणून अळकुड्यांनी टोपली भरली, तोच मैत्रिणीचे सासरे, तात्या, आले आणि माझ्या हातातलं दांडकं बघू लागले.

"पोरी, ही आमच्या सर्ज्याच्या जुवाची शिवळ हाय की. त्येच्या मानेनं घासून अशी झालीया."

मी दांडकं खाली ठेवलं. "बैलाचीच खुंटी? मोडलं हो माझं व्रत."

"कशानं? जलमभर त्यो राबला. आता त्येला जाऊन चार वर्सं झाली. आज त्येच्या शिवळंनं तू राबलीस. ह्यात बैलाचं कष्ट कुठं आलं?"

दुपारी पूजेत सात ऋषी आणि अरुंधती अशा आठ सुपाऱ्या मांडल्या. मग हळूच नववी ठेवली.

भटजी म्हणाले, "वहिनी, ही कुणाची?"

"सर्ज्याची," मी म्हटलं. "आज त्याला बसून जेवू दे."